एखादा चिनी कोट टाक ना

कंपन्यांचे सस्टेनेबिलिटी रिपोर्ट लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून असा अहवाल सक्तीचा केला आणि पर्यावरणशास्त्र शिकलेल्या आमच्यासारख्यांना एकदम भाव आला. पाणी किती उपसलं, वीज किती जाळली, कचरा कुठे गेला, ते टेबलांत भरायचं. टेबलं फारसं कोणी वाचत नाही, म्हणून सुरुवातीला एक हिरवं पान असतं आणि त्यावर एक सुविचार. एकदा आमचे सर म्हणाले, "गांधीजी दर वर्षी होतात गं. या वेळी एखादा चिनी कोट टाक ना. लाओत्से वगैरे. निसर्गाशी एकरूपता टाइप."

इंटरनेटवर लाओत्सेच्या नावावर खपणारी बरीच वाक्यं त्याची नाहीतच, हे तासाभरात कळलं. मग मी मुळाकडे वळले, म्हणजे इंग्रजी अनुवादांकडे. आणि तिथेच अडकून बसले.

अडकले ती एका बोडक्या डोंगरापाशी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मेन्शियस नावाचा विचारवंत होऊन गेला, कन्फ्यूशियसच्या परंपरेतला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ची राज्याच्या राजधानीबाहेर 'बैलडोंगर' नावाचा एक डोंगर आहे. एके काळी त्यावर सुंदर झाडी होती. पण शहर जवळ, त्यामुळे कुऱ्हाडी रोजच चालायच्या. तरी रात्रीचं दव पडायचं, पाऊस पडायचा, कोंब फुटायचे. मग गुरं आणि शेळ्या यायच्या आणि तेवढंही खाऊन टाकायच्या. आता तो डोंगर उघडाबोडका आहे, आणि लोक त्याच्याकडे बघून म्हणतात की इथे झाडं कधी नव्हतीच.

पर्यावरणाच्या प्रत्येक इंग्रजी संकलनात हा डोंगर हटकून भेटतो. पण मेन्शियसला मुळात डोंगराबद्दल बोलायचंच नव्हतं. तो माणसाच्या मनाबद्दल बोलत होता: माणूस मुळात चांगला असतो, रात्रीच्या शांततेत त्याला पुन्हा पालवी फुटते, दिवसाचे व्यवहार ती पालवी खुडत राहतात. डोंगर फक्त दृष्टान्ताला आलाय. पण दृष्टान्त तेव्हाच लागू पडतो, जेव्हा ऐकणाऱ्यांनी तसे डोंगर पाहिलेले असतात. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच चिनी शहरांभोवतीचे डोंगर बोडके होते, आणि ते इतक्या लोकांना ठाऊक होतं की समजावून सांगावंही लागत नव्हतं.

मार्क एल्विन या इतिहासकाराचं चीनच्या पर्यावरणाच्या इतिहासावर एक जाडजूड पुस्तक आहे, 'द रिट्रीट ऑफ द एलिफंट्स'. २००४ साली आलं. चार हजार वर्षांपूर्वी आजच्या बीजिंगपर्यंतच्या भागात हत्ती होते. शेती पसरत गेली, जंगल मागे हटलं, त्याबरोबर हत्तीही हटले. आज रानटी हत्ती उरलेत ते फक्त नैर्ऋत्येच्या युन्नान प्रांतात. २०२१ मध्ये त्यातलाच एक कळप उत्तरेकडे चालत सुटला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या, दाटीवाटीनं झोपलेल्या हत्तींचे ते ड्रोन व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. हेनान प्रांताचं एका अक्षरी नाव आहे 'यू', आणि त्या अक्षरात हत्तीचं अक्षर बसलेलं आहे. हत्ती गेले, अक्षरात राहिले.

म्हणजे निसर्गाशी एकरूप होण्याची शिकवण लिहिली जात होती, पाठ केली जात होती, तेव्हाच जंगल तोडलंही जात होतं. हे मला फार खटकलं. आपल्याकडे नदीला आई म्हणत तिच्यात काय काय सोडलं जातं हे माहीत असताना खरं तर खटकायला नको होतं. शिवाय त्या परंपरेत एकच सूर होता असंही नाही. मेन्शियसनंतरचा श्युन्झी हाही कन्फ्यूशियसपंथीच, पण तो विचारतो की आकाशाची स्तोत्रं गात बसण्यापेक्षा त्याला कामाला का लावू नये? माओच्या काळात निसर्गावर विजय मिळवायच्या घोषणा दिल्या गेल्या, १९५८ मध्ये चिमण्या मारायची देशव्यापी मोहीम निघाली, तेव्हा वाट्याला आली ती ही दुसरी बाजू. नंतर २००७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात 'पर्यावरणीय सभ्यता' हा शब्द आला, २०१८ मध्ये तो राज्यघटनेत गेला, आणि लाओत्से-च्वांगत्से पुन्हा भाषणांत दिसू लागले. पायाचा दगड म्हणून जुना विचार हवा असेल तर प्रत्येकाला आपल्या मापाचा सापडतो.

मग मला एक वेगळीच गोष्ट सापडली. १९७५ मध्ये हूबेई प्रांतात श्वेईहूदी इथे एक कबर उघडली गेली. आत छिन राज्याच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याचा सांगाडा, आणि त्याच्याभोवती रचून ठेवलेल्या हजाराहून जास्त बांबूच्या पट्ट्या. त्यावर कायदे लिहिलेले. शेतीच्या कायद्यात एक कलम असं: वसंताच्या दुसऱ्या महिन्यात जंगलात लाकूड तोडायचं नाही, पाण्याचे प्रवाह अडवायचे नाहीत. पिल्लं, अंडी उचलायची नाहीत, मासे विष घालून मारायचे नाहीत, सापळे लावायचे नाहीत. सातव्या महिन्यात बंदी उठेल. आणि एक अपवाद: घरात कोणी दुर्दैवानं मेलं आणि शवपेटीसाठी लाकूड लागलं, तर कधीही तोडा.

त्या अपवादानं मला जिंकलं. ज्यानं तो घातला त्याला जंगलही माहीत होतं आणि गावही. मेलेल्याच्या घरी जाऊन "सातव्या महिन्यापर्यंत थांबा" असं कोण सांगणार? गंमत म्हणजे छिन हे त्या काळातलं सगळ्यात कठोर राज्य. दंड, शिक्षा, सक्तीची मजुरी. निसर्गप्रेमासाठी कोणी त्याचं नाव घेणार नाही. त्यांना पुढच्या वर्षीही लाकूड हवं होतं, कर हवा होता, सैन्याला धान्य हवं होतं. लाओत्सेच्या एकाही ओळीपेक्षा हे कलम मला माझ्या कामाच्या जवळचं वाटतं: तारीख आहे, मनाई आहे, अपवाद आहे.

याच छिन राज्यानं इ.स.पू. २५६ च्या सुमारास चेंगदूजवळ मिन नदीवर दूज्यांगयेन बांधलं. तिथला प्रशासक ली बिंग. हे धरण नाही. नदीच्या मधोमध माशाच्या तोंडाच्या आकाराचा एक बांध, तो प्रवाह दोन भागांत चिरतो. आतला फाटा अरुंद आणि खोल, बाहेरचा रुंद आणि उथळ. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी कमी असताना सुमारे साठ टक्के पाणी आत, शेतीकडे वळतं. पूर आला की प्रमाण उलटं होतं आणि जास्तीचं पाणी बाहेरच्या फाट्यानं निघून जातं. वळणावर गाळ आणि गोटे एका बुटक्या सांडव्यावरून बाहेर फेकले जातात. पुढे डोंगर कापून काढलेली एक चिंचोळी वाट आहे, तिच्यातून हवं तेवढंच पाणी मैदानात शिरतं. आज मत्स्यमुख काँक्रीटचं आहे, पण व्यवस्था तीच, आणि तिच्यावर साडेसहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन भिजते.

शेजारीच छिंगचेंग पर्वत आहे, ताओ पंथाचं मोठं स्थान. त्यामुळे प्रत्येक माहितीपटात दूज्यांगयेन म्हणजे ताओ तत्त्वज्ञानाचं मूर्त रूप, असं सांगतात. पाण्याशी भांडू नका, त्याला वाट द्या. ऐकायला छान वाटतं. पण त्या पर्वतावर ताओ पंथ रुजला तो दूज्यांगयेननंतर साधारण चारशे वर्षांनी, आणि इथल्या मैदानाच्या धान्यावर छिनचं सैन्य पोसलं गेलं, ज्यानं इ.स.पू. २२१ पर्यंत बाकीची सगळी राज्यं गिळली.

मला त्यात भावते ती हिवाळ्यातली कामं. दर वर्षी पाणी कमी झालं की लाकडी तिकाटण्यांची रांग लावून एक फाटा अडवायचे, तो कोरडा करायचे आणि गाळ उपसायचे. किती खोल उपसायचं? तळात लोखंडी पहारी पुरून ठेवल्यात, त्या दिसेपर्यंत. बांबूच्या लांब पिंजऱ्यांत गोटे भरून काठ दुरुस्त करायचे. मग एप्रिलच्या सुरुवातीला तिकाटणी तोडून पाणी सोडायचे. तिथला जुना नियम असा की गाळ खोल काढा, पण सांडवा उंच करू नका. कारण आळस आला की माणूस सांडवा चढवतो. उपसण्यापेक्षा ते सोपं. एक-दोन वर्षं पाणी मिळतंही, मग गाळ साचत जातो आणि सगळा तोल बिघडतो.

हे वाचताना मला आईचे वडील आठवले. साक्री तालुक्यात पांझरेच्या एका बंधाऱ्याखाली त्यांची फडात जमीन होती. फड पद्धतीत पाणी देणारे पाटकरी, राखणीला जागल्या, आणि हंगामाआधी पाट साफ करायला प्रत्येक घरचा माणूस. नाना त्या व्यवस्थेबद्दल कधी भारावून बोलले नाहीत. कोण सफाईला आलं नाही, कोणी रात्री बारं फोडलं, याच्या त्यांच्याकडे शिव्यांसकट गोष्टी होत्या. पुढे वर धरणं झाली, शेताशेतात विहिरी आणि मोटारी आल्या. ज्याच्या घरी बटण आहे तो पाटात कशाला उतरेल?

दूज्यांगयेनवरही तशी वेळ आली. मत्स्यमुखाच्या वर दीड किलोमीटरच्या आत यांगल्यूहू नावाचं धरण घालायचं ठरलं होतं. २००३ मध्ये वर्तमानपत्रांनी तो विषय लावून धरला. युनेस्कोचा वारसादर्जा तीनच वर्षांपूर्वी मिळाला होता, तो जाईल म्हणून ओरड झाली, आणि ऑगस्टमध्ये प्रांत सरकारनं प्रकल्प थांबवला. त्याच्याही वर, काही किलोमीटरवर, झीपिंगफू धरणाचं काम तोवर बरंच पुढे गेलं होतं. ते मात्र पूर्ण झालं.