आधी सही, मग किंमत

जुनी नोट पुढ्यात आली की नवा संग्राहक विचारतो, "हिचे किती येतील?" मी त्याला आधी सही वाचायला लावतो. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर छपाईचे वर्ष २००५पासून येऊ लागले. त्याआधीच्या नोटेचा जन्मदाखला म्हणजे गव्हर्नरची सही. बँकेची पहिली नोट १९३८ची, पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जच्या चित्राची. तिच्यावर जेम्स टेलर यांची सही. तशाच नोटेवर चिंतामणराव देशमुखांची सही दिसली, तर ती १९४३ किंवा त्यानंतरची. एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची; तिच्यावर अर्थसचिवांची सही असते.

ओळख पटली की कागदाकडे वळावे. नुसत्या वयाला बाजारात भाव नाही. त्या प्रकारच्या नोटा किती उरल्या आणि हातातली कोणत्या अवस्थेत आहे, यावर किंमत ठरते. नोट उजेडासमोर धरली की जलचिन्ह, घड्या, चिकटवलेली फाट सगळे दिसते. पूर्वी बँकेत नोटांच्या गड्ड्या टाचत, त्यामुळे जॉर्जच्या नोटांना भोके असायचीच; त्यांनी भाव थोडा उतरतो. पण नोट धुऊन इस्त्री केलेली असेल तर कागदाचा कडकपणा कायमचा जातो. मळकी नोट मळकीच ठेवावी.

सर्वांत जास्त सावधपणा हवा तो शिक्क्याच्या नोटांबाबत. फाळणीनंतर पाकिस्तानसाठी नाशिकला नोटा छापल्या गेल्या. त्या भारतीय नोटाच होत्या, फक्त जलचिन्हाच्या कोऱ्या जागेत इंग्रजीत आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' अशी अक्षरे. त्यांना मागणी मोठी, म्हणून साध्या नोटेवर ती अक्षरे मागाहून उमटवणारेही निघाले. ज्या एका ओळीने किंमत कित्येक पटींनी वाढते, ती ओळ खात्रीच्या नोटेशेजारी ठेवून ताडून पाहावी: शाई, अक्षरांची जाडी, क्रमांकाची मालिका.

कायदाही माहीत असावा. २०१६मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा संग्रहासाठीसुद्धा २५हून अधिक बाळगता येत नाहीत. आणि जुन्या नोटेचे लाखो देतो म्हणत कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी शुल्क मागितले, तर तिथेच थांबावे; असे व्यवहार आपण करत नाही, हे बँकेने २०२१मध्ये जाहीर केले आहे.

सुरुवात कशाने करावी? देशमुखांच्या सहीची दोन रुपयांची नोट घ्यावी. ती तुलनेने सहज मिळते. वेगवेगळ्या अवस्थांतल्या चार-पाच शेजारी मांडाव्यात आणि प्रत्येकीचा भाव का वेगळा, हे विक्रेत्याने सांगण्याआधी स्वतः सांगता येईपर्यंत पाहत राहावे. दुर्मीळ नोटेकडे त्यानंतरच वळावे.