सहा हजार मीटर आणि पाच रिकामे दिवस

सह्याद्रीतला ट्रेक ठरवायला फार काही लागत नाही. गुरुवारी कोणीतरी ग्रुपवर "राजगड?" एवढंच टाकतं, शुक्रवारी रात्री चार टाळकी जमतात आणि शनिवारी सकाळी गुंजवण्यात पोहे हाणून चढायला सुरुवात. सोबत पाणी, टॉर्च, पोळीभाजी. आठ वर्षं मी आणि माझा रूममेट हेच करत आलोय. पण गेल्या दिवाळीत "एकदा तरी सहा हजार मीटर" हा किडा डोक्यात घुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा ट्रेकसाठी एक्सेल शीट उघडावी लागली. (आयटीवाले आम्ही, एक्सेल उघडल्याशिवाय काही सुरू झालं असं वाटतच नाही. :))

आधी शिखर ठरवायचं होतं. पूर्वी नवशिक्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे लडाखमधलं स्टोक कांग्री, ६१५३ मीटर. पण गर्दी आणि कचरा इतका वाढला की २०२० साली तिथल्या गावकऱ्यांनी ते चढाईसाठी बंद केलं. गावाचं पाणी त्याच हिमनदीतून येतं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आम्ही निवडलं कांग यात्से-२, उंची ६२५० मीटर. शेजारचं मुख्य शिखर ६४०० मीटरचं आणि बरंच अवघड, त्याच्या वाटेला आम्ही जाणार नाही. मारखा खोऱ्यातून चालत जायचं, खोऱ्याच्या शेवटी निमालिंगचं कुरण, त्याच्या वर बेस कॅम्प. लडाख पर्जन्यछायेत येतं, त्यामुळे पुण्यात धो धो पाऊस असताना ऑगस्टमध्ये तिकडे जाता येतं, हा आणखी एक फायदा.

आता खरी गंमत. गाइड घेऊन जायचं हे नक्की होतं. बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स करायचा तर जवळपास चार आठवडे लागतात आणि तेवढी रजा आमच्या हापिसात लग्नालाही मिळत नाही. चौकशी केल्यावर दोन प्रकारचे प्लॅन हाती आले. एक नऊ दिवसांचा, शनिवार ते पुढचा रविवार, म्हणजे फक्त पाच रजा. दुसरा चौदा दिवसांचा, दहा रजा. गावं तीच, तंबू तेच, शिखरही तेच. मग मधले पाच दिवस जातात कुठे?

दोन्ही प्लॅन शेजारी-शेजारी मांडून बघितले. नऊ दिवसांच्या प्लॅनमध्ये लेहमधला तिसरा दिवस नाही. स्किऊपासून चालायचं सोडून गाडीने थेट मारखा गाव. निमालिंगला जास्तीचा दिवस नाही. बर्फावर चालायचं शिक्षण बेस कॅम्पला पोचल्या-पोचल्या संध्याकाळी उरकायचं. आणि हवा बिघडलीच तर हाताशी राखीव दिवस नाही. थोडक्यात, ज्या दिवशी फोटो काढण्यासारखं काही घडत नाही, नेमके तेच पाच दिवस कापलेत.

"मग चांगलंच की," रूममेट म्हणाला. "टाइमपास कशाला करायचा तिकडे? मी हाफ मॅरेथॉन पळतो रे, मला काय होणारे?"

मुद्दा बरोबर वाटतो ना? पण विरळ हवेला तुमचं मॅरेथॉनचं मेडल दिसत नाही. पुणे साधारण ५६० मीटरवर, लेह ३५०० मीटरवर, आणि विमान आपल्याला काही तासांत तिथे नेऊन टाकतं. शिखरावर तर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. ऑक्सिजन कमी पडला की शरीर आधी श्वास वाढवतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू उलट श्वासाला ब्रेक लावतो. हा ब्रेक सुटायला मूत्रपिंडांनी जास्तीचं बायकार्बोनेट बाहेर टाकावं लागतं आणि त्या कामाला काही दिवस लागतात. हा जॉब बॅकग्राउंडला आपल्याच गतीने चालतो, जास्त सर्व्हर लावून लवकर संपत नाही. डायमॉक्सची गोळी त्याला थोडा हातभार लावते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची आणि ती दिवसांची जागा घेत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर वर जातो आणि डोकेदुखी, मळमळ सुरू झाल्यावरही रेटत राहतो, म्हणून त्यालाच जास्त जपावं लागतं.

डॉक्टर मंडळींचा साधा नियम असा: ३००० मीटरच्या वर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. आमच्या वाटेवर थाचुंगत्से सुमारे ४२०० मीटर आणि निमालिंग सुमारे ४८००. ही उडी टाळता येत नाही, म्हणूनच निमालिंगचा दुसरा दिवस हवा. तो दिवस म्हणजे चैन नव्हे, आदल्या दिवशीच्या उडीचं ते बिल आहे.

मग गाइड देणाऱ्यांना फोन लावले. माझी प्रश्नावली ठरलेली होती. गाइडने कोणता कोर्स केलाय? किती जणांमागे एक गाइड? ऑक्सिजन सिलिंडर बेस कॅम्पला असतो की लेहला? कोणी आजारी पडला तर रात्री खाली कसं आणणार? शिखराच्या दिवशी किती वाजता परत फिरायचं आणि ते कोण ठरवणार? एका ठिकाणी उत्तर मिळालं, "सर टेन्शन नको, समिट होणारच." तो नंबर शीटमधून उडवला. दुसऱ्या ठिकाणी पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मध्यरात्री निघायचं, कारण रात्री बर्फ घट्ट असतो. वेळ संपली की जिथे असाल तिथून परत. पैसे परत मिळणार नाहीत." पैसे त्याच्याकडे भरले.

सरावाचं म्हणाल तर बेस कॅम्पपासून शिखर साधारण ११५० मीटर चढ, म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड लागोपाठ दोनदा. तेवढं जमतं. हार्नेस, जुमार, रॅपलिंग हेही सह्याद्रीत शिकता येतं. बर्फ तेवढा आपल्याकडे मिळत नाही. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात. ते घालून चालणं आणि घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवणं तिथेच शिकायचं, त्यासाठी अख्खा दिवस ठेवलाय.

घरी सांगितलं तेव्हा आईने स्वेटरची चौकशी केली. बाबांनी मात्र २०२२ च्या ४ ऑक्टोबरची आठवण काढली. त्या दिवशी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटची तुकडी द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलनात सापडली होती. २९ जण गेले, बहुतेक शिकायला आलेले.

"ते तर शिकवणाऱ्यांबरोबरच होते ना रे?"

"हो बाबा."

यावर दुसरं काय बोलणार? गाइड आहे म्हणून धोका शून्य होतो असं त्यांना सांगणं मला जमलं नाही. एवढंच म्हणालो की जे आपल्या हातात आहे त्यात काटकसर करणार नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विमा बघ." बघितला, तर माझ्या पॉलिसीत दोर लावून केलेली चढाई बसतच नव्हती. वेगळी घेतली.

मॅनेजरने दहा रजा ऐकून भुवया उंचावल्या. "राखीव दिवशी काय करणार?" मी म्हटलं, "सगळं वेळेवर झालं तर काहीच नाही. रिलीजनंतर आपण दोन दिवस मोकळे ठेवतो ना, तसंच." रजा मंजूर!

रूममेटची मात्र नाही झाली. त्याने नुकतीच नोकरी बदललीय, पाचच्या वर एकही रजा मिळेना. "चल ना नऊ दिवसांत, दोघं असलो की होऊन जाईल," तो दोन आठवडे मागे लागला होता. आठ वर्षांत त्याच्याशिवाय मी एकही मोठा ट्रेक केलेला नाही, त्यामुळे नाही म्हणताना जीव जड झाला. पण नाही म्हणालो. चार दिवस फ्लॅटवर फक्त "चहा घेणार?" एवढंच संभाषण. पाचव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "तू जाऊन ये. पुढच्या वर्षी मी दहा साठवतो."

मग त्याने एक कागद घेतला आणि माझ्याकडून लिहून घेतलं, मी परत कधी फिरणार ते. एक, विश्रांती घेऊनही डोकं दुखायचं थांबलं नाही तर. दोन, चालताना तोल जायला लागला तर. तीन, ठरलेली वेळ झाली तर, शिखर समोर दिसत असलं तरी. चार, गाइड म्हणाला तर, वाद न घालता. एक प्रत माझ्या सॅकमध्ये, एक आमच्या फ्रीजवर. परत आल्यावर पहिला प्रश्न शिखराचा नाही, या कागदाचा विचारणार आहे म्हणाला.

असो. रविवारी पहाटे पाचला आतकरवाडी, पाठीवर बारा किलो. तोही येतोय.