माउस, डोंगल आणि मधली हवा

मंडळी, लिनक्सवर वायरलेस माउस चालतो का, हा प्रश्न आता जुना झाला. चालतो! सीडी नको, ड्रायव्हर नको. माउसशी रेडिओवर काय बोलायचं ते डोंगल आपलं आपण बघून घेतो. कॉम्प्युटरसमोर मात्र तो साध्या वायरच्या यूएसबी माउसचं सोंग घेऊन उभा राहतो, आणि हे सोंग लिनक्सच्या चांगलं ओळखीचं आहे.

तरीही माउस अडखळला की शिव्या बिचाऱ्या लिनक्सलाच!

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बाबांचा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. त्यांची बोटं थरथरतात, टचपॅड जमत नाही, म्हणून वायरलेस माउस आणला. तर त्याचा बाण मध्येच थिजायचा आणि मग एकदम उडी मारायचा. विजेचं बिल भरताना भलत्याच बटणावर क्लिक! "काढून टाक रे ते लिनक्स," बाबा म्हणाले. आणि मग हळूच, "नाहीतर असं कर, बिलं तूच भरत जा." हे दुसरं वाक्य जास्त लागलं.

टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' दिलं. यादीत डोंगल हजर. बाण अधूनमधून का होईना हलत होता, म्हणजे ड्रायव्हरही ठीक. सेल बदलला, तरी तेच. मग उरलं काय? मधली हवा!

डोंगल होता निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, आणि त्याला खेटून फोटोंची हार्ड डिस्क. यूएसबी ३ ची उपकरणं, केबल आणि कनेक्टर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणात मांडलंय. माउसचे डोंगल बहुधा याच पट्ट्यात बोलतात. म्हणजे वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कानात कुजबुजायचं! ऐकू कसं जाणार?

उपाय अगदी साधा. एक यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेतली आणि डोंगल हार्ड डिस्कपासून हातभर लांब, माउसपाशी आणून ठेवला. बाण सरळ चालू लागला. बिलं पुन्हा बाबांकडे!

तेव्हा मंडळी, सिस्टिम पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी डोंगलची जागा बदलून बघा. आणि घरातलं कुणी "राहू दे, तूच कर" म्हणालं, तर काम लगेच आपल्याकडे घेऊ नका. आधी माउस बघा.