उपरा डोंगर

‘दुरून डोंगर साजरे’ अशी आपल्यांत म्हण आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील घुग्घुस गांवाभोवतीं दिसणारे डोंगर मात्र दुरूनहि साजरे दिसत नाहींत. वर्धा नदीच्या कांठचा हा प्रदेश मुळांत सपाट व काळ्या मातीचा. जवळच वढा येथें पैनगंगा वर्धेस मिळते. अशा ठिकाणीं करड्या रंगाचे, छाटल्यासारख्या माथ्याचे डोंगर पाहून परका प्रवासी चकित होतो. हे डोंगर निसर्गानें उभारलेले नव्हेत. उघड्या खाणींतून कोळसा काढण्यापूर्वीं त्यावरील जी माती व जो खडक उपसावा लागतो, त्याचे हे ढीग होत. खाणीवरील मंडळी त्यास ‘ओबी’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरबर्डन’, म्हणजे वरचें ओझें.

इंग्रजी शिकविण्यांत आमचें बहुतेक आयुष्य गेलें. परंतु एका शब्दांत इतका पक्षपात सामावलेला आम्हांस क्वचितच आढळला. कोळसा काढणाऱ्यास जें ओझें, तेंच शेतकऱ्याचें धन! बोटभर सुपीक माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. खाणींत तिचा क्रमच उलटा होतो. वरची जिवंत माती तळाशीं गाडली जाते, आणि तळचा वालुकाश्म व निर्जीव चिकण माती माथ्यावर येऊन बसते. त्या माथ्यावर ना गवताचें मूळ, ना पाल्याचें आच्छादन. जिल्ह्यांत पाऊस वर्षास हजार मिलिमीटरांहून अधिक. एका श्रावणांत ढिगाच्या अंगावर ओघळी पडतात, दुसऱ्या श्रावणांत त्यांच्या घळी होतात.

तो गाळ जातो कोठें? पायथ्याच्या एका शेतकऱ्यानें आम्हांस आपल्या धुऱ्यावर नेऊन दाखविलें. काळ्या जमिनीवर वीतभर राखी रंगाचा थर पसरला होता, आणि त्यांतून कपाशीचीं चार रोडकीं झाडें डोकावत होतीं. तो म्हणाला, ‘‘सर, हा डोंगर दरसाल थोडा थोडा आमच्या वावरात येते.’’ मॅक्बेथवर बर्नमचें अरण्य चालून आलें, तें निदान एकदांच. येथें डोंगर दर पावसाळ्यांत चालून येतो, आणि त्याच्याशीं लढावयास शेतकऱ्याजवळ एक फावडें असतें.

वास्तविक उतारावरची माती धरून ठेवण्याची विद्या महाराष्ट्रास नवी नाहीं. आमच्या आजोबांची सह्याद्रीच्या उतरणीवर थोडी वरकस जमीन होती. नाचणी, मग वरी, मग कारळा अशीं पिकें घेऊन ते ती कांहीं वर्षें पडीत टाकीत. उतारास आडव्या दगडी ताली घातलेल्या असत. ढासळलेला दगड पुन्हा बसविल्यावांचून ते नांगरास हात लावीत नसत. ‘‘धांवत्या पाण्याला चालायला लावावें, आणि चालत्याला बसायला,’’ एवढेंच त्यांचें शास्त्र. महात्मा फुले यांनीं 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत, सरकारनें ठिकठिकाणीं ताली-बंधारे बांधून पावसाचें पाणी शेतांत मुरवावें, अशी सूचना केली होती. पुढें 1942 सालीं मुंबई प्रांतांत जमीन-सुधारणेचा कायदा होऊन बांधबंदिस्तीस सरकारी बळ मिळालें.

हीच विद्या या उपऱ्या डोंगरांस लावावयाची आहे. वरची काळी माती प्रथम निराळी काढावी. तिचा उंच ढीग करून ती वर्षानुवर्षें ठेवूं नये, कारण अशा ढिगांत मातींतील सूक्ष्म जीव मरतात. उतारास पायऱ्या द्याव्या, समपातळींत चर खणावे, पायथ्याशीं दगडी बांध घालावा, आणि झाडांच्या आधीं गवत व द्विदल वनस्पती लावाव्या. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन-संस्थेनें गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगांवर साखर कारखान्यांची मळी व मुळांशीं सहजीवन करणारे जीवाणू आणि बुरशी यांच्या साह्यानें झाडें वाढवून दाखविलीं आहेत. खाणींच्या परवान्यांतहि ढिगाचा उतार सामान्यतः 28 अंशांहून अधिक नसावा, माती निराळी राखावी, अशा अटी असतात. म्हणजे ज्ञान आहे, नियमहि आहेत. उणीव आहे ती मोजण्याच्या दृष्टीची. समारंभांत किती रोपें लाविलीं हें मोजलें जातें. किती माती जागेवर राहिली, हें कोण मोजतो?

26 ऑगस्ट 2022 रोजीं घुग्घुस येथील एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. तें वृत्त सर्वत्र पसरलें, आणि तें योग्यच होतें. परंतु शेजारच्या वावरांतून काळी माती गाळाखालीं हळूहळू गडप होते, तेव्हां आवाज होत नाहीं, म्हणून वार्ताहि होत नाहीं. नुकसान मात्र दोन्ही ठिकाणीं घरादाराचेंच असतें.

कोळसा एका पिढीस विजेचा प्रकाश देतो आणि राख होतो. माती प्रत्येक पिढीस भाकरी देते. खाणी केव्हां तरी संपतील. त्यांचे डोंगर येथेंच राहतील. ते सांभाळले गेले कीं नाहीं याची परीक्षा घ्यावयास अहवाल नकोत. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला कीं पायथ्याच्या नाल्यावर जावें आणि ओंजळभर पाणी उचलून पाहावें. तें निवळ असेल तर डोंगर बसला. गढूळ असेल तर तो अजून चालतोच आहे.