निमाडची मिरची आणि पांढरी माशी

इंदूरच्या मराठी घरांत फाल्गुन सरता सरता वर्षाचे तिखट करण्याची लगबग सुरू होते. मिरच्या उन्हात पडतात, देठे खुडली जातात, शेजारच्या घरांतून शिंका ऐकू येतात, आणि बरण्या भरल्या की गृहिणी निश्चिंत होते. या बरणीतील लाल रंग पुष्कळदा निमाडातून आलेला असतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. तो तेथवर पोहोचण्यापूर्वी कोणत्या संकटातून पार पडतो, याची कल्पना मात्र थोड्यांनाच असते. आमच्या नोकरीची बरीच वर्षे निमाडच्या सरकारी शाळांत गेली. त्या मुलखाची, आणि त्या मुलखाला लागलेल्या एका सूक्ष्म पीडेची ओळख वाचकांना करून द्यावी, या हेतूने हे लेखन.

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने निघाले, की सिमरोल मागे पडल्यावर माळव्याचे पठार संपू लागते. भेरूघाटाची वळणे उतरताना हवा पालटते. माळव्याचा गारवा वर राहतो आणि निमाडची ऊब अंगाला भिडते. चोरल नदी, बलवाडा, बडवाह अशी गावे मागे टाकीत आपण मोरटक्क्याच्या पुलावर येतो, आणि खाली नर्मदेचे विस्तीर्ण पात्र दिसताच गाडीतील वडीलधाऱ्यांचे हात आपोआप जोडले जातात. पुढे सनावद, आणि तेथून खरगोनच्या वाटेवर बेडिया. याच टापूतून नर्मदेकडे वळणारी एक वाट रावेरखेडीला जाते. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी तेथे देह ठेवला. रणांगणावर ज्याला कोणी नमवू शकले नाही, त्या सेनानीला तापाने गाठले. मराठी माणूस निमाडात येतो तो बहुधा या समाधीच्या दर्शनाला, नाही तर महेश्वरी अहिल्याबाईंच्या घाटावर माथा टेकायला. वाटेतल्या शेतांकडे त्याचे लक्ष जातेच असे नाही.

ते जावे अशी ही शेते आहेत. काळी जमीन, तीवर ओळीने अंथरलेले प्लास्टिकचे आच्छादन, त्याखालून धावणाऱ्या ठिबकच्या नळ्या आणि आच्छादनाच्या भोकांतून डोके वर काढलेली मिरचीची रोपे. पलीकडे कापूस, त्याच्याही पलीकडे सोयाबीन. हिवाळ्यात बेडियाच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग पडू लागले, म्हणजे वाऱ्याच्या झुळकेसरशी डोळ्यांत पाणी येते. ही मिरची मूळची आपली नव्हे. अमेरिका खंडातील हे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागले. आज मात्र खरगोन जिल्ह्याची ओळखच मिरचीने होते. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या सरकारी योजनेतही या जिल्ह्याच्या वाट्याला तीच आली आहे.

परंतु या वैभवाला एक काळजी चिकटलेली आहे. २०१० नंतरच्या दशकात निमाडाने असे हंगाम एकाहून अधिक वेळा पाहिले, की ज्यांत भर श्रावणात हिरवी असलेली शेते भाद्रपदात आक्रसून गेली. पाने कडांनी वर वळून होडीसारखी होतात, शिरा जाड होतात, दोन पेरांमधले अंतर कमी होते, झाड खुजे राहते, फुले गळतात. फळ धरलेच तर ते लहान आणि वेडेवाकडे. आपल्याकडे या रोगाला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. निमाडचा शेतकरी मात्र सरळ ‘वायरस’ म्हणून मोकळा होतो. शाळेच्या हजेरीपटावरही हा रोग आम्ही वाचलेला आहे. ज्या वर्षी मिरची बसे, त्या वर्षी दिवाळीनंतर वर्गातील काही जागा रिकाम्या दिसत. चौकशी केली की कळे, बिऱ्हाड मजुरीला परगावी गेले, पोरही बरोबर गेले. एका पानाच्या सुरकुतीचा आणि एका मुलाच्या शिक्षणाचा असा संबंध असतो.

गेल्या भाद्रपदात रावेरखेडीला जाताना सनावदच्या पुढे एका शेताच्या बांधावर आम्ही थांबलो. शेताचे मालक वृद्ध पटेल होते. त्यांचा नातू आमच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. “या माट्साब,” असे म्हणत त्यांनी बाजेवर जागा केली. निमाडीत झालेले ते संभाषण येथे मराठीत देतो.

“पटेलबाबा, यंदा वायरस कसा आहे?” आम्ही विचारले.

ते उठले, एका रोपापाशी बसले आणि पान हलकेच उलटे करून म्हणाले, “माट्साब, वरून पाहणारा फसतो. चोर खाली बसतो.”

पानाच्या खालच्या बाजूस पिठाचे कण उडावेत तशा तीनचार पांढऱ्या माश्या होत्या. लांबीला सुमारे एक मिलिमीटर. पान हलताच त्या उडाल्या आणि पुन्हा दुसऱ्या पानाखाली बसल्या. हीच पांढरी माशी. ती स्वतः रस शोषते, पण तिचे खरे पाप ते नव्हे. रोगट झाडाचा रस पिताना त्यातील विषाणू तिच्या पोटात जातो, तेथून रक्तद्रवात, आणि तेथून लाळेत उतरतो. या प्रवासाला काही तास लागतात. त्यानंतर मात्र ती बहुधा मरेपर्यंत रोगाची दूती होते. ज्या निरोगी रोपात ती सोंड खुपसते, तेथे रोगाचे बीज पडते.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विषाणू एकदा झाडाच्या पेशीत शिरला, की त्या पेशीच्याच सामग्रीवर तो आपली प्रजा वाढवितो. तो झाडाशी असा एकजीव होतो, की झाड राखून त्याला मारील असे औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. दुकानातून आणलेल्या फवारणीने माशी मरते, रोग मरत नाही. शिवाय मरण्यापूर्वी माशीने आपले काम उरकलेले असू शकते. घाबरलेला शेतकरी मग आठवड्यात दोनदा फवारतो, चार औषधे एकत्र कालवतो. त्याने माशीला खाणारे ढालकिडे, कोळी आणि लहान गांधीलमाश्या आधी मरतात. माशीच्या पिढ्या मात्र त्या विषाला सरावतात. कर्ज वाढते, माशीही वाढते.

आणखी एक घोटाळा होतो. वळलेले प्रत्येक पान म्हणजे विषाणू नव्हे. फुलकिड्यांनी पान खरवडले तरी ते वर वळते. पिवळ्या कोळ्यांचा उपद्रव असेल तर ते खाली वळते आणि देठ लांबते. या दोन्हींत विषाणू नसेल तर योग्य उपायाने झाडाची नवी पालवी नीट फुटते. म्हणून निदान आधी व्हावे. भिंग घेऊन पान उलटे पाहणारा आणि कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखविणारा शेतकरी पुष्कळ पैसा वाचवितो. मिरचीवर मावाही येतो आणि तो वेगळे विषाणू आणतो. मावा रोग पोटात वागवीत नाही, सोंडेच्या टोकावर वागवितो. क्षणभर टोचले की काम झाले. म्हणून तेथे फवारणी फारशी उपयोगी पडत नाही, औषध चढण्यापूर्वीच लागण होऊन जाते.

मग उपाय काय? आम्ही तोच प्रश्न पटेलांना केला. ते म्हणाले, “पोर आजारी पडल्यावर वैद्याकडे धावण्यापेक्षा पाळण्यावर मच्छरदाणी टाकावी.” आणि त्यांनी आम्हाला आपल्या रोपवाटिकेची रिकामी चौकट दाखविली. बांबूच्या कमानी आणि त्यांवर बारीक विणीची जाळी, एका इंचात चाळीस ते पन्नास छिद्रे. वाफ्यातील रोपे सुमारे पाचसहा आठवडे या जाळीखाली वाढतात. रोगाचे सारे गणित येथेच आहे. रोप लहानपणी बाधले तर त्या झाडाचे उत्पन्न जवळजवळ बुडाले. तेच झाड फळे धरल्यावर बाधले तर बरेचसे पदरात पडते. लागण टाळता आली नाही तरी लांबविता येते, आणि लांबविणे हाही विजयच.

शेताच्या चारी बाजूंस मक्याच्या तीन ओळी उभ्या होत्या. त्या मिरचीच्या लावणीपूर्वी काही आठवडे पेराव्या लागतात, म्हणजे रोपे येईतो भिंत उभी राहते. मका नसेल तर ज्वारी. खालून उडत येणारी माशी या भिंतीला अडते, आणि मावा आधी मक्यात सोंड खुपसतो, तेव्हा त्याच्या सोंडेवरचा विषाणू तेथेच पुसला जातो. मिरचीचा विषाणू मक्याचे काही बिघडवीत नाही. शेतात पिवळे चिकट सापळे होते. ते माश्या संपविण्यासाठी नव्हेत, माशी आली की नाही हे कळण्यासाठी. जमिनीवरचे रुपेरी आच्छादन आकाशाचा उजेड परतवून उडत्या किड्यांना चकविते. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो कुटलेल्या निंबोळ्यांचा अर्क शंभर लिटर पाण्यात, हे त्यांचे पहिले औषध. रासायनिक फवारणी करायचीच तर ती तज्ज्ञाच्या सल्ल्याने, गरजेपुरती, आणि तेच ते औषध पुन्हापुन्हा नाही. लावणीनंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात जे रोप आक्रसलेले दिसेल, ते उपटून पिशवीत बांधून शेताबाहेर पुरायचे. “हात थरथरतो,” पटेल म्हणाले, “पण एकाची दया केली तर शंभर जातात.”

इतके सारे करूनही दोन वर्षांपूर्वी त्यांचे शेत आजारी पडले होते. कारण बांधापलीकडे होते. शेजारच्या शेतकऱ्याची मिरची आधीच गेली होती. खर्च अंगावर आलेला, म्हणून तो बायकामुलांसह मजुरीला निघून गेला. रोगट झाडे मात्र शेतात तशीच उभी राहिली. जे पीक एक पैसा देणार नाही ते उपटायला मजुरी कोठून द्यायची? आणि त्या उभ्या झाडांवर माशीच्या पिढ्यांमागून पिढ्या पोसल्या गेल्या. “भांडायला जाणार होतो,” पटेल म्हणाले. “मग मनात आले, भांडून झाड कसे उपटेल?” त्यांनी निरोप धाडून शेजाऱ्याची संमती मिळविली. आसपासची सात-आठ घरे एकत्र आली, एका दिवसात ते शेत साफ केले आणि त्यात शेजाऱ्यासाठी हरभरा पेरून दिला. पुढल्या वर्षीपासून त्या शिवारात एक ठराव झाला. मिरचीचे शेवटचे तोडे झाले, की ठरलेल्या दिवसाच्या आत सर्वांनी झाडे काढायची, आणि नव्या लावणीपूर्वी काही आठवडे शिवारात मिरचीचे एकही झाड ठेवायचे नाही. “रोग गेला का?” आम्ही विचारले. “गेला नाही. उशिरा येतो. उशिरा आलेला पाहुणा फार खात नाही.”

पटेलांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण जगाचा अनुभवही हाच आहे. १९९० च्या दशकात कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात याच पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूने टोमॅटोचे पीक धुळीस मिळविले. तेथील सरकारने वर्षातील तीन महिने माशीला आवडणारी पिके लावण्यास बंदी केली, आणि टोमॅटोची शेती पुन्हा सावरली. माशीला आसरा आणि विषाणूला घर न मिळू देणे, हीच त्यामागची युक्ती होती. एका शेतकऱ्याने ती केली तर व्यर्थ, साऱ्यांनी केली तर अमोघ.

यावर कोणी म्हणेल, रोगाला न जुमानणारे बियाणे का शोधीत नाहीत? शोधले जाते, आणि ते घ्यावेच. पण त्यावर विसंबून राहू नये, हे भेंडीने आपल्याला शिकविले आहे. भेंडीचा केवडा रोगही हीच माशी पसरविते. पानाच्या शिरा केवड्यासारख्या पिवळ्या पडतात म्हणून हे गोड नाव. १९२४ साली मुंबई इलाख्यातून त्याची नोंद झाली. पुढे दिल्लीच्या संशोधकांनी ‘पुसा सावनी’ हे वाण दिले, त्याने काही वर्षे रोगाला दाद दिली नाही, मग तेही बळी पडू लागले. १९८० च्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठाने एका रानभेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हे वाण आणले. त्याचीही शक्ती पुढे ठिकठिकाणी उणावली. विषाणू बदलत राहतो. बियाणे ही ढाल खरी, पण ती झिजणारी ढाल आहे.

परसात किंवा गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्या आपल्या वाचकांनाही यातून घेण्यासारखे आहे. पिवळ्या शिरांची भेंडी किंवा आक्रसलेली मिरची ‘बरी होईल’ या आशेने ठेवू नये. ती शेजारच्या कुंडीला आणि शेजारच्या घराला रोग देते. तिचे फळ खाल्ल्याने माणसाला मात्र काही होत नाही, ही भीती मनातून काढून टाकावी.

शिक्षकाच्या नजरेला या साऱ्यात एक जुनीच गोष्ट दिसते. वर्गात गोवर निघाला, तर एका घराने कितीही दक्षता घेतली तरी भागत नाही. २०२० सालच्या साथीने तर हा धडा साऱ्या जगाला दिला. बांध हा सातबारावर असतो, माशीला तो दिसत नाही. ज्या शेजाऱ्याची हिंमत सर्वांत आधी खचते, त्याच्याच शेतातून संकट सर्वांच्या घरी येते. तेव्हा त्याला हात देणे हे पुण्यकर्म तर खरेच, पण ते आपल्या पिकाचे संरक्षणही आहे.

आपण रावेरखेडीला जाल तेव्हा समाधीपाशी अवश्य थांबा, नर्मदेचे पाणी डोळ्यांना लावा. पण जाताना किंवा येताना एखाद्या शेताच्या बांधावरही पाच मिनिटे उभे राहा, धन्याची परवानगी घ्या, आणि मिरचीचे एक पान हलक्या हाताने उलटून पाहा. बरोबर मुले असतील तर त्यांना दाखवा. ज्या मुलखाचे तिखट आपण वर्षभर खातो, त्याची लढाई पानाच्या त्या खालच्या बाजूला चाललेली आहे.