नकाराच्या आधी

उंबऱ्यावर बसू नये. दिवेलागणीनंतर केर काढू नये. रात्री नखं कापू नयेत. माझ्या लहानपणीचं घर अशा ‘नये’नी गच्च भरलेलं होतं. त्याच घरात बाहेर पडताना मात्र ‘जाते’ म्हटलेलं चालत नसे, ‘येते’च म्हणावं लागे. आजारपण, अपघात, मरण यांची नावं नुसती तोंडात आली तरी आजी लगेच अडवायची. म्हणायची, ‘जपून बोलावं, वास्तू तथास्तु म्हणत असते.’ भिंतीत कुणीतरी बसून आपलं बोलणं ऐकतंय, पण पुरतं ऐकत नाहीये, असं मला तेव्हा वाटायचं. आपल्या वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. तोवर त्या भिंतीतल्याचा होकार देऊनही झालेला असणार!

तो उतावळा कान आपल्याच आत असतो, असं आता वाटतं.

डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८७ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना एकेकटं बसवून त्याने पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार तेवढा करायचा नव्हता, आणि आलाच तर समोरची घंटी वाजवायची होती. घंटी वाजतच राहिली. पुढे त्यांनाच ‘आता अस्वलाचा खुशाल विचार करा’ म्हटलं, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या मनात ते अधिक वेळा आलं. आपल्याकडची औषध घेताना माकड न आठवण्याची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही. वेग्नरने पुढे त्याचं कारण मांडलं, ते मला मोलाचं वाटतं. एखादा विचार दूर ठेवायचा तर तो आलाय का हे बघणारा राखणदार मनाला बसवावा लागतो. आणि ओळख पटायची तर ज्याला अडवायचं त्याचाच चेहरा राखणदाराला सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

मन थकलं, दुसऱ्या कशात गुंतलं, की या राखणदाराचं फावतं. १९९८ साली वेग्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या हातात दोऱ्याला टांगलेला लंबक दिला आणि तो अमुक दिशेने हलू द्यायचा नाही असं बजावलं. लंबक नेमका त्याच दिशेने हलू लागला. त्यात हजारापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, तेव्हा तर अधिकच.

वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या आठवड्यात हे सगळं मला डोळ्यांनी दिसलं. वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये ते वॉकर घेऊन उभे होते आणि आम्हा सगळ्यांचा जीव त्यांच्या पावलात अडकला होता. ‘दादा, पडू नकोस हं,’ आत्या म्हणाली. काका म्हणाले, ‘घसरू नकोस, फरशी गुळगुळीत आहे.’ शेजारच्या पेशंटच्या बाई म्हणाल्या, ‘घाबरू नका.’ बाबांचे खांदे कानांपर्यंत चढले. वॉकरच्या रबरी मुठींवर बोटांची पेरं पांढरी पडली. नजर फरशीवर खिळली आणि उचललेला पाय तिथल्या तिथे परत टेकला. तेवढ्यात फिजिओथेरपिस्ट आली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडली असावी अशा वयाची. ‘आजोबा, समोर त्या खिडकीकडे बघा. वॉकर पुढे. आता ऑपरेशनचा पाय. टाच आधी टेकवा. आता दुसरा.’ खांदे खाली आले. एक पाऊल पडलं, मग दुसरं. तिच्या बोलण्यात पडण्याला कुठे जागाच नव्हती. होती ती टाच, खिडकी आणि पुढची फरशी. प्रेम आमचंही कमी नव्हतं, पण त्या घडीला पायाला काय करायचं ते सांगणारं कुणी हवं होतं. २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात रुग्णांवर छोटे उपचार होत असतानाचं चित्रीकरण तपासलं होतं. ‘आता दुखेल’ अशा धाटणीची पूर्वसूचना मिळालेल्या रुग्णांनी वेदनाही जास्त सांगितली आणि चिंताही. तो वाचताना बाबांची ती पांढरी पेरं आठवत होती.

म्हणून ‘मनाला नकार कळतच नाही’ असं व्याख्यानांमधून ठासून सांगतात, ते मात्र मला मान्य नाही. मनाला नकार कळतो. फक्त त्याला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी ती गोष्ट उभी करायची आणि मग पुसायची. आणि कधीकधी पहिली पायरी आधीच चढून झालेली असते. लंडनच्या पीटर वेसन यांनी १९६५ साली हे फार साध्या रीतीने दाखवलं. आठ वर्तुळं, त्यांतली सात एका रंगाची आणि एक वेगळं. समजा सात लाल आहेत आणि चौथं निळं. ‘चौथं लाल नाही’ हे वाक्य लोकांना चटकन उमगतं, कारण तेही लाल असेल असंच मन धरून चाललेलं असतं. ‘सातवं निळं नाही’ म्हटलं तर मात्र मन घुटमळतं. ते निळं आहे असं म्हटलं होतं कुणी?

वेसन यांची ही वर्तुळं मला अस्वलापेक्षाही जवळची वाटतात. झोपलेल्या मुलाला उठवून ‘भूत नाही बरं का’ म्हणणं आणि अंधारात दचकून रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन तेच म्हणणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आपण भूत घरात आणतो. दुसऱ्यात ते आधीच आलेलं असतं आणि त्याला घालवायला ‘नाही’च लागतं. तिथे गोड गोड बोलून विषय बदलणारा माणूस मुलाला एकटं टाकतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जन राउंडला आले होते. तब्येत, उपाशी राहण्याची वेळ, सगळं बोलून झालं. ते वळले तशी बाबांनी हाक मारली. ‘डॉक्टर, मी आता अंथरुणाला खिळणार का?’ दिवसभर आम्ही सगळे त्यांच्याशी दुसरंच काहीतरी बोलत होतो. डॉक्टर परत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, ‘नाही. अजिबात खिळणार नाही. परवा सकाळी उभं करतो तुम्हाला.’ बाबांनी किती वाजता ते विचारलं आणि मला त्यांच्या चपला घरून आणून ठेवायला सांगितल्या.