मागचे दार

गेल्या माघात देवास आणि धार ही पवारांची दोन्ही गावे एकाच फेरीत पाहण्याचा योग आला. निमित्त होते धारच्या तात्यांकडील लग्नाचे. इंदूर मध्ये, एक गाव ईशान्येस, दुसरे पश्चिमेस. तेव्हा वाट वाकडी करूनच देवासला उतरलो. सोबत भाचा होता. आग लागली असता इमारतीतील माणसे कशी आणि किती वेळात बाहेर पडतील, याचे गणित तो संगणकावर मांडतो. आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना हा उद्योग अशुभ वाटतो.

देवासची टेकडी चढताना मी त्याला थोरली पाती, धाकटी पाती समजावीत होतो. वर थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस असलेल्या फॉर्स्टरने पुढे आपल्या पुस्तकाला याच टेकडीचे नाव दिले. पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर. भाच्याचे लक्ष मात्र पायऱ्यांवरच्या गर्दीकडे.

"मामा, त्या आजी थांबल्या, तर त्यांच्यामागची पाच माणसेही थांबली. ती सारी एका घरची."

मग त्याने सांगितले. हेल्बिंग आणि मोल्नार यांनी १९९५ साली माणसांच्या हालचालीला गणितात बसविले : प्रत्येकजण एक ठिपका, त्याला कोठेतरी जायचे असते आणि तो इतरांपासून अंतर राखू पाहतो. २००० साली हेल्बिंगने फारकश आणि विचेक यांच्यासह आगीतील पळापळ मांडली. तीत असे दिसले, की ठिपके जितकी घाई करतात तितके दार उशिरा रिकामे होते. कणगीच्या तोंडाशी धान्याची कमान धरावी, तशी दाराशी माणसांची कमान धरते. परंतु माणूस म्हणजे धान्य नव्हे. आईल ऑफ मॅन बेटावरील समरलँड या करमणूक केंद्राला १९७३ साली आग लागून ५० माणसे दगावली. पुढे जोनाथन साईम या अभ्यासकाने वाचलेल्यांच्या हकिकती तपासल्या. कुटुंबे एकमेकांना शोधून एकत्र निघाली होती, आणि पाहुण्यांचा ओढा ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे होता.

धारला किल्ला पाहिला. दुसऱ्या बाजीरावांचा जन्म १७७५ साली येथेच झाला. किल्ल्याचे दार बाहेरच्याला अडविण्यासाठी असते, हे तेथे सांगावे लागत नाही. पण आमचे वाडेही त्याच बुद्धीने बांधलेले, हे मला तात्यांच्या दारात उभे राहीपर्यंत सुचले नव्हते. दार आत उघडणारे, कारण अडसर आतून घालायचा. एक फळी कित्येक वर्षे गंजून बसलेली. दुसरीच्या मागे वऱ्हाडाच्या चपलांचा ढीग. चौकावर कापडी मांडव, पलीकडे आचाऱ्याच्या भट्ट्या. बोळात उघडणाऱ्या मागच्या दाराला चोरांच्या भयाने कुलूप आणि त्यापुढे खुर्च्यांची चळत.

रात्री भाच्याने वाड्याचा नकाशा काढून ठिपके सोडले. आधी सुटे, मग घरोघरीचे बांधून. दुसऱ्या खेपेस वाडा बराच उशिरा रिकामा झाला. तात्या चष्मा सावरून पाहत होते. "कुलूप काढतो," म्हणाले.

"नुसते काढून चालणार नाही तात्या. निम्मे पाहुणे त्या दारानेच आत यायला हवेत. दार पायाखालचे नसेल, तर वेळेला कोणी तिकडे वळत नाही."

"मागच्या दाराने पाहुणे? व्याही काय म्हणतील!" तात्या उठूनच गेले. त्यांचा राग मला अगदीच अनाठायी वाटला नाही. चार पिढ्यांत त्या दाराने भांडीवाली आणि लाकूडफाटा, याखेरीज काही आले नव्हते.

तोड काढली मामींनी. पहाटे त्यांनी मागच्या दाराला आंब्याचे तोरण बांधले, बोळात सडा घालून रांगोळी काढली आणि हळदीकुंकवाचे तबक व अत्तरदाणी तिकडेच मांडली. म्हाताऱ्यांच्या खुर्च्याही त्याच अंगाला लावल्या. बायका साहजिकच तिकडून आल्या, पोरे त्यांच्यामागून. व्याह्यांच्या मातोश्रींना तर बोळातली सावली आवडली.

पंगती उठल्यावर पाहिले, निम्मे वऱ्हाड न सांगता मागच्या दाराने निघाले होते. तात्या मोठ्या दाराशी विडा देण्यासाठी उभे होते. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी पानाचे तबक उचलले आणि चौक ओलांडून ते बोळाकडे गेले.